तू कोणाची?

पबच्या वरच्या मजल्यावरची ती खोली जेमतेम वीस माणसांची होती आणि त्या संध्याकाळी तिथे तिसाच्या आसपास माणसे दाटीवाटीने बसली होती. महिन्यातून एकदा भरणाऱ्या या मेळाव्याला ब्रिटनमधले पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना आणि निसर्गाला मानणारे लोक 'मूट' म्हणतात. गावसभेसाठी वापरला जाणारा हा जुना इंग्रजी शब्द त्यांनी पुन्हा उचलला आहे. खालून आपापला ग्लास भरून घ्यावा, जिना चढून यावे, जागा मिळेल तिथे टेकावे आणि वाटल्यास कोपऱ्यातल्या खोक्यातले एखादे जुने पुस्तक पन्नास पेन्सला विकत न्यावे, इतका साधा मामला असतो. एक बाई विणकाम करत होत्या, कोणीतरी बटाट्याच्या वेफर्सचे पाकीट सगळ्यांमध्ये उघडून ठेवले होते. नव्याने आलेल्यांनी आपली ओळख करून द्यावी असे सांगण्यात आले तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी उठली. आमच्या ग्रंथालयात नेहमी येणारी असल्याने मी तिला चेहऱ्याने ओळखत होते. आपण विक्कन, म्हणजे पेगनांमधल्या विक्का या देवी मानणाऱ्या पंथाच्या आहोत, दीड वर्षापासून एकटीच साधना करतो आणि आता सण तरी चार माणसांत साजरे करावेत असे वाटते, एवढे ती एका दमात बोलून गेली. खिडकीशी बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी अतिशय सौम्य आवाजात विचारले, "तुला दीक्षा कोणी दिली?" ती म्हणाली, "मीच घेतली, पुस्तक वाचून." विणणाऱ्या बाई सुयांकडे बघत हसल्या. गृहस्थ म्हणाले, "मग तू पेगन असशील, बाळ. विक्कन नव्हेस."

मी मालवणकडची. आमच्या गावात पाणंदीत अनोळखी पोर दिसले की ओसरीवरून पहिला प्रश्न येतो, "कोणाचां चेडू गो तू?" नाव मागाहून विचारतात, कधी कधी विचारतही नाहीत. त्या प्रश्नात माया असते आणि मोजमापही असते, आणि दोन्हींतले कोणते किती हे उत्तर दिल्यानंतरच कळते. समुद्रापलीकडच्या या खोलीत तोच प्रश्न इतक्या स्वच्छ इंग्रजीत ऐकून मला आधी हसू आले आणि मग त्या मुलीच्या कानांच्या लाल झालेल्या पाळ्या पाहून ते आवरले.

मी स्वतः विक्कन नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात मी अठरा वर्षे काम करते आणि या जगाशी माझा संबंध आला तो तिथल्याच एका ज्येष्ठ सहकारी बाईंमुळे. पुस्तकांवर क्रमांक घालणाऱ्या, जेवणाच्या सुट्टीत उकडलेले अंडे आणि सफरचंद खाणाऱ्या या बाई चाळीस वर्षांहून अधिक काळ गार्डनेरियन, म्हणजे जेराल्ड गार्डनर यांच्या शाखेतल्या विक्कन आहेत, तिसऱ्या पायरीपर्यंतच्या दीक्षा त्यांनी घेतलेल्या आहेत आणि त्यांच्या घरी एक मंडळ, म्हणजे कव्हन, भरते, हे मला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळले. आईला हे फोनवर सांगताना माझी पंचाईत झाली, कारण 'विच' या शब्दाला मराठीत चेटकीण म्हणावे तर त्या शब्दाला आपल्याकडे रक्ताचा वास आहे. बायकांना तसे ठरवून मारल्याच्या बातम्या येतात आणि २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. बाईंच्या घरात जे चालते त्याचा या कशाशीही संबंध नाही. शेवटी मी आईला म्हटले की त्या देवी मानणाऱ्या आहेत, पौर्णिमेला पूजा करतात. आई म्हणाली, "मग त्यात सांगण्यासारखं काय?"

सांगण्यासारखे होते ते माणसांमधले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला आणि सुमारे १३,००० लोकांनी विक्का असा. त्याच जनगणनेत झरतुष्ट्री भरले सुमारे ४,००० आणि जैन सुमारे २५,०००. म्हणजे पारशांच्या तिप्पट आणि जैनांच्या निम्मी अशी ही विक्कनांची वस्ती. पण तिच्यात इतके मजले, इतके जिने आणि मधल्या इतक्या कड्या आहेत की तेरा हजारांतल्या नेमक्या किती जणांना पबमधल्या त्या गृहस्थांनी विक्कन म्हणून मान्य केले असते हे सांगणे अवघड आहे.

कड्या का आहेत हे समजायला एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. विक्कामध्ये तुम्ही काय मानता हे फारसे कोणी विचारत नाही. देवी खरोखर आहे, की ती मनाचे रूप आहे, की निसर्गालाच दिलेले नाव आहे, यावर एकाच मंडळातल्या दोन माणसांची मते सर्वस्वी भिन्न असली तरी त्यांच्यात खटका उडत नाही. विचारतात ते हे, की वर्तुळ कसे आखता, कोणत्या दिशेपासून सुरुवात करता, काळ्या मुठीचा सुरा हातात कोणी द्यायचा, झगे घालता की विवस्त्र उभे राहता. श्रद्धेचा मसुदा नाही, आहे ती रीत. आणि जिथे रीत हेच सर्वस्व असते तिथे रीतीतला फरक हा मतभेद न राहता परकेपणा होतो. कुळाचार सांभाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हे वेगळे सांगायला नको. नैवेद्याच्या पानात मीठ कोणत्या बाजूला वाढायचे यावरून सुनेचे माहेर काढलेले आपण ऐकलेले असते. देव आहे की नाही यावरून मात्र कोणी कोणाचे काही काढत नाही.

बाईंनी मला त्यांची वही एकदाच दाखवली. तिला 'बुक ऑफ शॅडोज' म्हणतात. मी काहीतरी गूढ, चामड्यात बांधलेले कल्पिले होते; प्रत्यक्षात ती काळ्या पुठ्ठ्याची, लाल पाठीची, हिशेबाच्या दुकानात मिळते तसली जाड वही निघाली. पानांवर मेणाचे थेंब गोठलेले, एका कोपऱ्यात कसल्याशा तेलाचा पारदर्शक डाग. मी वाचू नये असा मजकूर आला की त्या सहजपणे तळहात पानावर ठेवत, जसा आपण लहान मुलाच्या कपाळावर ताप पाहायला ठेवतो. दीक्षा देणाऱ्याची वही दीक्षा घेणाऱ्याने हाताने उतरवून घ्यायची. पुढे हवी तेवढी भर घालावी, पण मिळालेले गाळू नये आणि बदलू नये, असा त्यांच्या घराण्याचा दंडक. एका पानावर वेदीसाठीच्या इंग्रजी शब्दात एक अक्षर चुकले होते आणि त्यामुळे त्याचा अर्थ वेदी न होता 'बदल' असा होत होता. मी ग्रंथालयातली, माझे बोट आपोआप तिथे गेले. "माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या गुरूंच्या वहीत तसंच होतं. त्यांच्या गुरूंच्या वहीतही असावं. मी दुरुस्त केलं तर मी कोणाकडून आले ते कसं कळणार?"

हे ऐकले की परंपरा फार जुनी असावी असे वाटते. ती जुनी नाही. जेराल्ड गार्डनर हे मलायात कस्टम्सची नोकरी करून १९३६ साली निवृत्त झालेले इंग्रज गृहस्थ. १९३९ साली न्यू फॉरेस्टच्या परिसरातल्या एका जुन्या मंडळाने आपल्याला दीक्षा दिली असा त्यांचा दावा होता. १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांनी या विषयावरचे आपले पहिले उघड पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे जी परंपरा आज 'तू कोणाची' म्हणून विचारते तिचा लेखी पुरावा माझ्या आईपेक्षा फार मोठा नाही. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली हे सगळे तपशीलवार मांडले. जुन्या दीक्षितांपैकी पुष्कळांनी ते मुकाट्याने स्वीकारलेही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवते ती डोरीन व्हॅलिएंट यांची गोष्ट. १९५२ साली एका सचित्र साप्ताहिकातला लेख वाचून त्यांनी पत्र लिहिले. ते पत्र फिरत फिरत गार्डनर यांच्याकडे गेले. गार्डनर यांनी भेटीनंतर त्यांच्या हातात आपली एक कादंबरी ठेवली. तिच्यात विवस्त्र विधी आणि चाबकाचे हलके फटके यांचा उल्लेख होता आणि ते वाचून ही तरुण बाई दचकते का, हे त्यांना पाहायचे होते. नवख्याला पारखण्याची ही रीत सभ्य होती आणि थोडी लबाडही होती. व्हॅलिएंट दचकल्या नाहीत. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांना दीक्षा मिळाली, वही उतरवायला मिळाली, आणि ती उतरवताना त्यांच्या लक्षात आले की यातल्या बऱ्याच ओळी आपण आधी वाचल्या आहेत, त्या गूढविद्येवर लिहिणाऱ्या ॲलिस्टर क्रोली यांच्या आहेत. त्यांनी ते तोंडावर सांगितले. गार्डनर म्हणाले, तुला याहून बरे जमत असेल तर कर. आणि त्यांनी केले. आज जगभरातली विक्कन मंडळे देवीच्या मुखी जे गद्य घालतात, ज्याच्या दोन ओळी बाईंनाही डोळे भरून आल्याखेरीज म्हणता येत नाहीत, ते या नवागत बाईने आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडवलेले आहे.

याचाच उत्तरार्ध मात्र कडू आहे. गार्डनर यांना वर्तमानपत्रवाल्यांशी बोलण्याची हौस होती आणि मंडळातल्या लोकांना, नोकऱ्या असल्याने, भीती होती. १९५७ साली व्हॅलिएंट आणि इतरांनी काही नियम लिहून त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा गार्डनर यांनी उत्तरादाखल 'प्राचीन कायदे' बाहेर काढले. ते तोवर कोणी पाहिलेले नव्हते, त्यांची भाषा मुद्दाम जुनाट केलेली होती, आणि त्यात एक कलम असे होते की मुख्य पुजारिणीने वय होताच एखाद्या तरुण स्त्रीसाठी आनंदाने पायउतार व्हावे. मुख्य पुजारीण होत्या व्हॅलिएंट, आणि त्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्या निघून गेल्या. परंपरेचा आधार घेऊन माणसाला गप्प करता येते आणि त्यासाठी परंपरा आदल्या आठवड्यात लिहिली तरी चालते, हे इतक्या उघडपणे घडलेले मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही. (आपल्याकडे घडले नसेल असे नाही, आपल्याकडे कागद उरत नाहीत.)

पुढे व्हॅलिएंट रॉबर्ट कोक्रेन नावाच्या तरुणाच्या मंडळात गेल्या. कोक्रेन स्वतःला वंशपरंपरेने आलेला म्हणवत आणि गार्डनर यांच्या अनुयायांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. आज जे लोक अभिमानाने 'गार्डनेरियन' म्हणवतात त्यांच्यापैकी सर्वांना हे आठवत नसते की हा शब्द मुळात कोक्रेन यांनी हिणवण्यासाठी वापरात आणला असे मानले जाते. एके दिवशी कोक्रेन गार्डनेरियनांच्या कत्तलीच्या रात्रीची भाषा करू लागले तेव्हा व्हॅलिएंट उठल्या, असल्या गोष्टींत आपल्याला काडीचा रस नाही असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले आणि तेही मंडळ सोडले. त्यांचे बहुतेक धैर्य दारातून आत जाण्यापेक्षा बाहेर पडण्यात दिसते.

दार न उघडल्याने काय होते याचीही उदाहरणे आहेत. ॲलेक्स सँडर्स यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला शेफिल्डच्या क्राउदर या गार्डनेरियन दांपत्याकडे प्रवेश मागितला आणि तो त्यांना मिळाला नाही. त्यांनी दुसरीकडून वाट काढली, आपल्याला आजीने सातव्या वर्षीच दीक्षा दिली होती अशी कथा सांगितली, छायाचित्रकारांना घरी बोलावले आणि स्वतःला विचेसचा राजा म्हणवून घेतले. जुने लोक संतापले. परंतु त्यांची अलेक्झांड्रियन शाखा टिकली, तिच्यातून चांगले शिक्षक निघाले आणि आज ब्रिटनमध्ये दोन्ही शाखांचे लोक एकाच वर्तुळात उभे राहतात. न्यूयॉर्कमध्ये एडी बुचिन्स्की या समलिंगी तरुणाला गार्डनेरियनांनी आत घेतले नाही. स्त्री-पुरुषांच्या जोडीवर उभारलेल्या विधीत त्याला बसवायचे कुठे हा त्यांचा प्रश्न होता. त्याने आपली वेगळी परंपरा काढली आणि १९७७ साली पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी मिनोअन ब्रदरहूड सुरू केली. ती अजून आहे.

हे सगळे मी बाईंना एकदा जरा आवेशाने ऐकवले. पबमधली ती संध्याकाळ माझ्या डोक्यात होती. बाईंनी सफरचंद कापत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस ते देवळाबद्दल खरं आहे. कव्हन देऊळ नाही. ती माझी बैठकीची खोली आहे."

आणि मग त्या जे बोलल्या त्याने माझा आवेश बराच उतरला. कव्हनमध्ये रीतीप्रमाणे जास्तीत जास्त तेरा माणसे, प्रत्यक्षात बहुधा सहा-सात. सोफा भिंतीला सरकवून, पडदे ओढून, दिवे मालवून ही माणसे गोल उभी राहतात. बाईंच्या घराण्यात अजून विवस्त्रच. कोणाचा घटस्फोट झालेला असतो, कोणी नुकतीच आई गमावलेली असते, आणि हे सगळे त्या गोलात बोलले जाते. त्यात एक माणूस वाढला की तेरावा हिस्सा वाढत नाही, सगळेच बदलते. म्हणून 'एक वर्ष आणि एक दिवस' शिकण्याची रीत. म्हणून अठराच्या आतल्यांना सरसकट नकार. हा दुसरा नियम गूढ कारणांनी आलेला नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत ऑर्कनी बेटांवर सैतानी अत्याचारांच्या संशयावरून नऊ मुलांना पहाटे घरांतून उचलून नेण्यात आले आणि काही आठवड्यांनी परत आणून सोडण्यात आले, कारण आरोप टिकलेच नाहीत. १९९४ साली मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फाँटेन यांच्या सरकारी अहवालाने देशभरच्या अशा सैतानी कथांना पुरावा नसल्याचे सांगितले. पण मधल्या काळात, बाई म्हणाल्या, शाळेत शिकवणाऱ्या किंवा घटस्फोटात मुलांचा ताबा मागणाऱ्या विक्कनांनी वह्या माळ्यावर टाकल्या होत्या. त्याआधीचीही आठवण आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस एक बाई शिष्या म्हणून गार्डनर यांच्याकडे आली, दीक्षा घेतली आणि मिळेल ते साहित्य चार्ल्स कार्डेल या त्यांच्या वैऱ्याकडे पोचवत राहिली. गार्डनर वारले त्याच वर्षी, १९६४ साली, कार्डेल यांनी ते छापून टाकले. नवा माणूस हेर असू शकतो ही या समाजात नुसती कल्पना नाही.

म्हणजे गुपिते साठ वर्षांपूर्वीच फुटली. १९७१ साली तर अमेरिकेत एक संपूर्ण वही पुस्तकरूपाने बाजारात आली. तरीही बाई पानावर तळहात ठेवतात. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या माशाच्या कालवणाची कृती तू मला लिहून दिलीस. मी केलं. तुला आवडलं का?" मला खोटे बोलता आले नाही.

अमेरिकेत प्रश्नाने वेगळे वळण घेतले, आणि त्याचे एक कारण मला अगदी भौगोलिक वाटते. दीक्षा देणारे मंडळ दोन तासांच्या आगगाडीवर असेल तर 'थांब, भेट, पारखून घेऊ' म्हणणे शक्य असते. नेब्रास्कातल्या मुलीला ते म्हणणे म्हणजे नाही म्हणणे. रेमंड बकलंड १९६२ साली इंग्लंडहून तिकडे गेले, गार्डनेरियन दीक्षा तिकडे नेली, पत्रे लिहिणाऱ्यांच्या रांगेला वर्षानुवर्षे थोपवून धरले, आणि मग १९७४ साली त्यांनीच सीक्स-विका नावाची नवी रीत छापली, जिच्यात स्वतःच स्वतःला समर्पित करता येते आणि पुजारी मतदानाने निवडतात. त्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये सत्तरहून अधिक विचेसनी जमून तेरा तत्त्वे ठरवली. ती तत्त्वे राहिली. जमलेली परिषद मात्र वर्षभरात मोडली. १९८८ साली स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्याने साधना करणाऱ्यांसाठीच पुस्तक लिहिले. ते स्वतः १९९३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेले. पबमधल्या त्या मुलीने वाचलेले पुस्तक तेच. जुन्या दीक्षितांना त्याचे नाव काढले तरी एक सूक्ष्म आठी पडते, आणि मी पाहिले आहे की ज्यांनी ते कधी उघडलेले नाही त्यांची आठी अधिक ठळक असते.

नवख्यांसाठी एक हिणकस शब्द या मंडळींत रूढ आहे, 'फ्लफी बनी', म्हणजे लुसलुशीत ससुला. १९९६ साली चार शाळकरी विचेसवरचा एक चित्रपट आला, त्यापाठोपाठ दूरचित्रवाणीवर तसल्या मालिका आल्या आणि किशोरवयीन मुलींची जी लाट उसळली तिच्यावर हा शब्द बरसला. आता तो मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ पाहून येणाऱ्यांवर बरसतो, आणि बरसवणाऱ्यांत तो चित्रपट पाहून आलेल्या, आज चाळिशीतल्या बायका हिरिरीने असतात. ससुल्याची एक हमखास खूण अशी सांगतात की तो नव्वद लाख विचेसना जिवंत जाळले असे म्हणतो. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन हिशेबातून आलेला आणि निखालस चुकीचा आहे. इतिहासकार आज साऱ्या युरोपात मिळून चाळीस ते साठ हजारांच्या आसपास बळी धरतात, आणि इंग्लंडात तर जाळत नसत, फाशी देत. चूक दाखवायलाच हवी. पण ती दाखवताना हसणाऱ्यांना हेही आठवावे की नव्वद लाखांची भाषा गार्डनर स्वतःच करत, आणि विच म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माच्या अनुयायी होत्या या मार्गारेट मरे यांच्या, पुढे मोडीत निघालेल्या सिद्धान्तावर तर त्यांनी सगळी इमारत उभी केली. त्यांच्या १९५४ च्या पुस्तकाला प्रस्तावनाही मरे यांचीच आहे. मुलगी जे चुकीचे बोलते ते तिला याच घरातून मिळालेले असते.

माझे मत मी लपवत नाही. बाईंनी आपल्या बैठकीच्या खोलीत कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये हा सर्वस्वी बाईंचा प्रश्न आहे, आणि तिथे त्या जितक्या कडक असतील तितके तिथल्या माणसांसाठी बरे. पबमधल्या गृहस्थांनी मात्र खोली नाकारली नव्हती; खोली तर कोणी मागितलीच नव्हती. त्यांनी मुलीचा स्वतःसाठीचा शब्द काढून घेतला. पालखीबरोबर दिंडीत नाव नसलेली माणसे चालतात त्यांना आपल्याकडे मोकळा समाज म्हणतात. त्यांना दिंडीच्या राहुटीत जागा मिळेलच असे नाही, पण वाटेवर त्यांना कोणी, तुम्ही वारकरी नव्हेत, असे म्हटलेले मी ऐकलेले नाही.

बाईंना हे पुरते पटले नाही. शब्दाला अर्थ असायचा तर त्याला कुंपण लागते असे त्या म्हणतात, आणि त्यांच्या पिढीला ज्या शब्दासाठी नोकऱ्या पणाला लावाव्या लागल्या तो आता कोणीही सकाळी उठून लावतो याचे त्यांना दुःख आहे, हे मला दिसते. परंतु त्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात एक तरुण त्यांच्याकडे आला होता, पुष्कळ वाचलेला, सारखे संदर्भ देणारा. त्यांनी त्याला नकार दिला, अजून अहंकार गेलेला नाही म्हणून. तो उत्तरेकडे गेला, दुसरीकडे शिकला, आणि त्याने घडवलेली माणसे आज त्यांना अधूनमधून भेटतात; चांगली माणसे आहेत. "त्याचा राग मला त्याच्या पुस्तकांमुळे आला नव्हता," बाई म्हणाल्या. "त्यातली अर्धी मी वाचलेली नव्हती, त्यामुळे आला होता."

मागच्या वसंतात आम्ही दोघी ब्रायटनला गेलो होतो. टायसन प्लेस ही नगरपालिकेची उंच, साधी, करड्या तोंडाची इमारत आहे. तिथे व्हॅलिएंट राहत. २०१३ च्या २१ जूनला तिथे निळी पाटी लागली, कवयित्री, लेखिका आणि आधुनिक विचक्राफ्टची माता. पाटीखालून एक माणूस किराण्याच्या पिशव्या घेऊन आत गेला. याच व्हॅलिएंट यांनी १९७८ सालच्या पुस्तकात, मंडळ न मिळणाऱ्यांसाठी, स्वतःच घ्यायच्या दीक्षेचा विधी लिहून ठेवला. विचलाच विच घडवता येते असे म्हणणाऱ्यांना त्यांचा प्रश्न सरळ होता, की मग पहिलीला कोणी घडवले? बाई पाटीकडे बराच वेळ पाहत उभ्या होत्या. परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारले, "ती मुलगी येते का अजून?"

ती येत होती. मूटला पुन्हा गेली नव्हती, पण ग्रंथालयात यायची. बाईंनी स्वतःहून तिला हाक मारली आणि आठवड्यातून एकदा चहाला बसू म्हणून सांगितले. सहा महिने फक्त चहा, बाकी काही नाही, हेही सांगितले. मुलगी म्हणाली, "चहा चालेल. पण मला कव्हनमध्ये यायचं नाही. तुम्ही रागावणार नाही ना?" बाई क्षणभर गोंधळल्या. चाळीस वर्षांत नकार त्यांनी दिले होते, त्यांना कोणी दिला नसावा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मुलगी संदर्भकक्षातल्या लांब टेबलाशी व्हॅलिएंट यांचे ते पुस्तक उघडून बसली होती. छायाप्रतीचे यंत्र चार पावलांवर होते, फोन शेजारी पालथा पडला होता, आणि ती शाईच्या पेनाने एका नव्याकोऱ्या वहीत विधी उतरवत होती. बाई पुस्तकांची ढकलगाडी घेऊन मागून आल्या, थांबल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या. त्यांनी पानाला हात लावला नाही. नुसते बोट वर धरून म्हणाल्या, "इथे मेणबत्ती दोनदा पेटली आहे. ओळ दोनदा आली."

मुलीने वाचून पाहिले. पेन उचलले, टोपण काढले, आणि पुन्हा लावले.

"असू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे दोनदा पेटवीन."